भेंडीची फुलं

वर्ध्याच्या कडेला, बोरगाव मेघे काय नि सिंदी मेघे काय, हल्ली घरं अशी बांधतात की खोलीत पलंग टाकला की कपाटाचं दार अर्धंच उघडतं. अशा खोल्यांना मोठेपणा आणायचा तरी कुठून? स्वप्निलनं त्यावर तोड काढली होती. एक भिंत फुलांनी भरायची आणि बाकीच्या कोऱ्या ठेवायच्या. डोळा फुलांवर गेला की खोली केवढीशी आहे हे कोणी बघत बसत नाही. मोबाइलवर फोटो टाकून टाकून त्याचं बऱ्यापैकी नाव झालं होतं. फुलांचे छाप कुठले, असं गिऱ्हाइकानं विचारलं की तो 'बाहेरून मागवतो' असं मोघम सांगायचा. बाहेरून म्हणजे नक्की कुठून, हे आजवर कोणी खोदून विचारलं नव्हतं.

ते छाप यायचे आंजीहून, त्याच्या आईच्या वावरातून. अनुसयाबाई भाजी पिकवायच्या आणि बाजारात बसून विकायच्या. निबर झालेली भेंडी कोणी घेत नाही, ती त्या घरी परत आणायच्या. तीच आडवी कापून, रंगात बुडवून भिंतीवर टेकवली की पाच पाकळ्यांचं फूल उठायचं. कारल्याचं फूल काठाला कातरलेलं निघायचं, झेंडूसारखं. अर्धी पत्ताकोबी दाबली की भला मोठा गुलाब. दर दिवाळीला त्या आपल्या घराच्या भिंती अशाच सजवायच्या आणि लहानपणी स्वप्निल त्यांना भेंड्या कापून द्यायचा. धंदा उभा राहिला तो या भांडवलावर. पण हे सांगायचं कोणाला? लोक भाजीवाल्याला भाजीचा भाव देतात, हे तो बाजारात आईशेजारी बसून शिकला होता.

एरवी काम तो एकटाच करायचा. सिंदी मेघेतल्या नंदिनीताईंचं काम मात्र घाईचं निघालं. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि लेक आचल हिला बघायला पाहुणे येणार होते. आचलची खोली घराच्या मागच्या अंगाला, अगदी इवलीशी. पाहुणे घर बघणार म्हणजे तीही बघणार. पाहुणे यायच्या आत अख्खी भिंत भरून हवी, असं ताईंनी बजावलं होतं. एकट्याच्या हातानं ते होण्यासारखं नव्हतं. शिवाय आईचा हात असा बसायचा की एका भेंडीचे दहा छाप घेतले तरी दहावं फूल पहिल्याइतकंच ठसठशीत. म्हणून त्यानं तिला गाडीवर मागं बसवून आणलं. भाजी पिशवीतच असू दे, मी सांगीन तेव्हा काढ, असं वाटेत सांगूनही ठेवलं.

अनुसयाबाई कसल्या थांबतात. खोलीत शिरल्याबरोबर त्यांनी फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि पिशवी पालथी केली. भेंड्या, कारली, पत्ताकोबीचा गड्डा, वर विळी. दारात नंदिनीताई उभ्या होत्या, त्यांना हसू आवरेना.

"हे काय हो? बाई भाजी कराले आल्या का?"

आचलही खुदकन हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, कोणालाही हसू आलंच असतं. पण स्वप्निलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाहेरून मागवलेले छाप ते हेच का, असं आता ताई विचारणार, अशी त्याला धास्ती वाटली. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि तोंडातून जे निघालं ते असं:

"कामाची बाई हाय, मॅडम. आंजीची. तिची आपली जुनी पद्धत हाय, पण हात चांगला हाय."

बोलून झाल्यावर त्याला ऐकू आलं आपण काय बोललो ते. त्यानं आईकडं पाहिलं. त्या विळीवर भेंडी कापत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "हो जी. साहेबच आणतेत मले."

झालं. तेव्हापासून तो साहेब आणि त्या बाई. थोड्या वेळानं चहा आला, त्याला कपबशीतून आणि बाईंना स्टीलच्या पेल्यातून, उंबऱ्याशी ठेवलेला. स्वप्निलनं चहा प्यायला. नको असूनही प्यायला, कारण न पिण्याचं कारण सांगावं लागलं असतं. परतताना गाडीवर अनुसयाबाई वांग्यावर पडलेल्या किडीबद्दल बोलत होत्या. त्या रागावल्या असत्या, निदान रुसल्या असत्या, तरी त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या ताईंच्या घरी त्याच्या चार पावलं मागून चालायला लागल्या. रंगाची बादली त्याच्या हातातून काढून घ्यायच्या, चपला त्याच्या चपलांपासून लांब काढायच्या. आपण एक शब्द बोललो आणि आईनं त्याचा अख्खा संसार मांडला, हे बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगून टाकू, ही माझी माय आहे म्हणून. रोज ताई समोर आल्या की तो रंगाचंच काहीतरी बोलायचा. सांगायचं म्हणजे आधी खोटं बोललो तेही सांगायचं. मग छापाचं, मग बाकीचं सगळं. शेवटी काम संपण्याच्या दिवशी नक्की सांगायचं, असं त्यानं स्वतःशी पक्कं केलं.

भिंत मात्र अशी उतरली की बघत राहावं. पलंगाच्या उशाशी दाट, वर जाताना विरळ, आणि छतापाशी एखाददुसरंच पिवळं फूल. आचल तर तिथून हलायला तयार नव्हती. त्या कोंदट खोलीला जणू नवी खिडकी फुटली होती. नंदिनीताईंनी जाऊबाईंना आणि शेजारच्या दोघींना भिंत बघायला बोलावलं. सगळ्या त्या चिंचोळ्या जागेत दाटीवाटीनं उभ्या राहिल्या आणि अनुसयाबाई अंग चोरून कोपऱ्यात.

"बाईच्या हाताले खरंच तोड नाई," ताई म्हणाल्या आणि आत जाऊन एक साडी घेऊन आल्या. साडी नेसलेली, काठाला विरलेली. ताई मनानं चांगल्या, त्यांनी आधी कुंकूसुद्धा लावलं. अनुसयाबाईंनी पदर पसरला.

तो पसरलेला पदर स्वप्निलला बघवेना.

"मॅडम," तो म्हणाला. "ह्या कामाच्या बाई नाई. ही माही माय आहे."

सगळ्या आधी त्याच्याकडं आणि मग अनुसयाबाईंकडं बघायला लागल्या. अनुसयाबाईंनी साडी नीट पदरात घेतली आणि हसल्या.

"साहेब असेच हायेत जी. हाताखालच्या सगळ्याच बायाइले माय म्हणतेत. लय साधा माणूस."

"बाई गं," जाऊबाई म्हणाल्या, "आजकाल कोण म्हणते असं?" शेजारणीनं मान डोलावली. किती संस्कारी मुलगा, असं त्या आपसात बोलायला लागल्या. नंदिनीताईंच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. आपल्या माहेरीही एक खोली करायची आहे, तुम्हालाच सांगीन, असंही त्या म्हणाल्या.

आता पुन्हा एकदा सांगायचं होतं. नाही हो, खरंच माझी माय आहे, एवढंच. कोणी त्याचं तोंड धरलं नव्हतं. पण त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता, हातपाय हलके झाले होते आणि त्या कौतुकानं चेहऱ्यावर हसू आलं होतं. ते हसू त्याला स्वतःला कळलं तेव्हा त्यानं मान खाली घातली. बायकांना तोही विनयच वाटला.

रस्त्यावर गाडीपाशी आल्यावर त्यानं विचारलं, "काऊन असं केलं, माय? मी तं खरं सांगून राह्यलो होतो."

"आता सांगून काय होते?" अनुसयाबाई साडी पिशवीत सारत म्हणाल्या. "मायले बाई म्हणणारा पोरगा, असं नाव झालं असतं तुह्यं. मंग कोण बलावते घरात?"

त्या मागं बसल्या, पदर खोचला. मग जेवला का विचारावं तितक्याच साधेपणानं त्यांनी विचारलं, "मी नाई म्हणलं तवा बरं वाटलं ना तुले?"

नाही म्हणावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. त्या पाठीमागं बसून वाट बघत होत्या. मागून एक टेम्पो आला, हॉर्न वाजवून बाजूनं निघून गेला, तरी त्याच्या तोंडून ते निघालं नाही.

"चाल," त्या म्हणाल्या, "उशीर होऊन राह्यला." त्यानं गाडी सुरू केली.