डब्याच्या बुडाचं भोक

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हांला खरी वाटणार नाही, पैज लावा! मी स्वतःच्या बुडाला स्वतः भोक पाडलं, आणि त्या भोकापायी एक पक्षी नऊ मजले चढून आला.

सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या एका उंच इमारतीतल्या घरात मी दिवाळीला आलो. बिस्किटं दोन दिवसांत संपली. मग साधनाआजींनी मला धुतलं, माती भरली आणि सासवडच्या माळावरून पुडीत आणलेलं कोरांटीचं बी माझ्यात पेरलं.

"पुढच्या खेपेला हिच्या पिवळ्या फुलांवर शिंजीर येईल," त्या नातीला, आर्याला म्हणाल्या. "एवढासा पक्षी, बाकदार चोच. मध पिताना दाखवीन तुला."

वर्षानं, २००७ साली, आजी परत आल्या. राहायचा पास तीन महिन्यांचा, आणि कोरांटीला कळी म्हणून नाही. पानं पिवळी, माती नुसता चिखल.

"पाणी कोण घालतं हिला?"

"मी, आई. सकाळी तांब्याभर," सूनबाई मीनल म्हणाल्या.

"सकाळी? अगं, ऑफिसातून आलो की मी घालतो ना!" आजींचे चिरंजीव निशिकांत म्हणाले.

आर्या पायाच्या अंगठ्याकडे बघत सिंगापुरी ढंगात पुटपुटली, "मी पण, लाह. शाळेच्या बाटलीतलं उरलेलं. शी लुक सो थर्स्टी."

आजींनी कपाळाला हात लावला. "अरे, माळावरचं झाड ते! तहानेवर वाढतं. आजपासून मी सांगेन तेव्हाच पाणी."

पण आधीचं पाणी जाणार कुठे? माझं बूड बंद. मुळं कुजत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका दुपारी मी दातओठ खाल्ले (डब्याला दात कुठले, विचारू नका), श्वास कोंडला आणि फाट्‌कन भोक पाडलं!

पानं सावरली. आर्या रोज विचारी, "आजी, बर्ड कधी?" कळ्या आल्या त्या शेवटच्या आठवड्यात. जायच्या सकाळी फुलं उमलली; पक्षी नाहीच. बॅगा बाहेर, टॅक्सी खाली.

"यू प्रॉमिस्ड!" आर्याचे डोळे भरले.

"श्श," आजी म्हणाल्या.

काट्यांमध्ये काहीतरी चमकलं. शिंजीर! बाकदार चोच फुलात बुडाली. टॅक्सीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. कुणी हललं नाही. आर्यानं आजींचं बोट धरलं होतं, ते सोडलं नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, जीव जरूर लावा, पण त्या जिवाला काय हवंय ते आधी बघा. माझ्यासारखं! मी नाही का, कुणी न सांगता, आपल्या हातानं...

"थापाड्या!" कोपऱ्यातला झाडू ओरडला. "तुला हात कुठले? आजींनी तुला मांडीवर आडवा घेतला, बत्त्यानं खिळा ठोकला, स्वतःचा अंगठा ठेचून घेतला. आणि वर तुलाच म्हणत होत्या, 'थोडं दुखेल हं, बाळा.'"