मानेची ओळ

ज्या वर्षी आमच्या धाकटीचं लग्न झालं, त्याच वर्षी मी वाचायला शिकले. थोरलीच्या वेळी लग्नपत्रिका मी उलटी धरून कौतुकानं बघत बसले होते, आणि व्याह्यांनी ती हळूच माझ्या हातात सुलटी करून दिली होती. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच ठरवून मी चर्चच्या मागच्या खोलीतल्या वर्गाला जाऊ लागले. दिवसभर रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची, आणि संध्याकाळी लहान मुलांच्या बाकात गुडघे अडकवून अक्षरं लावायची.

शिकवायला पाळकांची बायको होती. वयानं माझ्या थोरलीएवढी, पण आम्ही सगळ्या तिला बाई म्हणायचो. वर्गाचा एक रिवाज होता. वर्ष संपलं की एका रविवारी प्रत्येकीनं मंडळीसमोर उभं राहून शास्त्रातली एक ओळ वाचायची आणि तिचा अर्थ सांगायचा. बाई बाकांच्या क्रमानं ओळी वाटत जायच्या. बदलून मागायची नाही.

त्या वर्षी पाळक शास्त्रातल्या प्रेमगीतांवर बोलत होते. त्यात प्रियकर आपल्या प्रियेचं डोक्यापासून वर्णन करत खाली येतो. केस म्हणजे डोंगर उतरणाऱ्या शेळ्या. दात म्हणजे लोकर कातरून धुतलेल्या मेंढ्या, सगळ्या जुळ्यांच्या आया, एकही हरवलेली नाही. पाळक म्हणायचे, हे वरवर बाईमाणसाचं वाटतं, पण खरं तर ते प्रभूचं मंडळीवरचं प्रेम आहे, प्रत्येक अवयवाला आतला अर्थ आहे. ते हे सांगत असताना बायका मांडीवरच्या हातांकडे बघायच्या आणि पुरुष छताकडे.

ओळी वाटल्या त्या दिवशी दातांची ओळ गेली शेजारच्या शिवणवाल्या वहिनींकडे. त्यांचे पुढचे चार दात कधीच पडलेले. त्यांनी आ करून सगळ्यांना दाखवलं.

"अहो बाई, माझ्या कळपातल्या चार मेंढ्या लांडग्यानं नेल्या! उरलेल्यांना जुळी कुठून आणू?"

वर्ग पोट धरून हसला. हसता हसताच बाईंचं बोट माझ्यावर आलं. "तुम्हाला मानेची ओळ."

आणि हसणं थांबलं.

ते थांबणंच मला लागलं. धाकटीच्या वेळी दिवस गेले तेव्हा माझ्या गळ्याला गाठ आली. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी, पुढे मुठीएवढी होऊन थांबली. डॉक्टर म्हणाले, कापून काढू. मी घाबरले आणि स्कार्फ बांधायला लागले. इस्त्रीच्या वाफेतसुद्धा तो मी सोडत नसे. आणि माझ्या ओळीत प्रियकर म्हणत होता की तिची मान बुरुजासारखी आहे, शूरांच्या ढाली टांगलेल्या बुरुजासारखी.

"हवं तर आपण..." बाई म्हणाल्या.

"असू दे," मी म्हणाले. बदलून घ्यायची तर कारण तोंडानं सांगावं लागलं असतं.

घरी धाकटीला सांगितलं तेव्हा ती लग्नाच्या कपड्यांना इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी ठेवली.

"त्या रविवारी तिकडची माणसं येणार आहेत, आई. लग्नाआधी सगळ्यांनी एकत्र उपासनेला बसायचं ठरलंय."

"ठाऊक आहे मला."

"मग तुला बरं नाही असं सांगू या का?"

मी तिनं इस्त्री केलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागले.

"मला तुझी लाज नाही वाटत हं," ती म्हणाली.

मी विचारलंच नव्हतं.

आमचे हे तिथेच कोमट पाण्यात पाय सोडून बसले होते. जन्मभर गवंडीकाम केलेलं, विटा फोडून फोडून कान गेलेले. धाकटी आत गेल्यावर म्हणाले, "कुणाची मान?"

"शास्त्रातली."

"वाच बघू."

मी वाचली. मग पाळकांनी सांगितलेला अर्थही घोकून दाखवला. मान म्हणजे मंडळीची श्रद्धा, ढाली म्हणजे प्रार्थना.

"असेल," ते म्हणाले. बराच वेळ पाण्यात पाय हलवत राहिले. "आपल्या चर्चचा घंटेचा बुरूज कुणी बांधला?"

"तुम्ही. किती वेळा सांगाल?"

"आणि त्याला ते पोट कुणी काढलं?"

ते पोट सगळ्या वस्तीला माहीत होतं. बुरूज अर्ध्याच्या वर एकदम फुगलेला दिसतो. अजगरानं बोकड गिळलाय म्हणून पोरं हसतात. मला वाटायचं, नकाशातच तसं असेल.

"घंटेची तुळई चढवली आणि खालच्या भिंतीला तडा गेला," ते म्हणाले. "माझाच अंदाज चुकला होता. मग बाहेरून विटांचं कडं घातलं. ते नसतं तर घंटा लोकांच्या डोक्यात आली असती. पण उद्घाटनाला सगळे हसले. त्या दिवसापासून मी कधी वर बघितलं नाही. खाली बघत आत, खाली बघत बाहेर."

"अगंबाई! मला वाटायचं तुम्ही भक्तीनं मान खाली घालता."

"भक्ती कसली डोंबलाची. लाज." त्यांनी पाय पुसले. "तुला गाठ आली आणि तूही खाली बघून चालायला लागलीस. म्हटलं, चला, जोडी जमली. ज्यानं ती ओळ लिहिली त्याला काय म्हणायचं होतं ते पाळकांना ठाऊक. मला त्यात तू दिसतेस. कडं घातलेली. उभी."

"म्हातारपणी चळ लागलाय तुम्हाला," मी म्हणाले. कानशिलं तापली होती. खोलीत आम्ही दोघंच होतो, तरी मी स्कार्फ वर ओढला.

रविवारी व्याही आणि विहीणबाई दुसऱ्या बाकावर होते, धाकटी त्यांच्या शेजारी. वहिनींनी बोळक्या तोंडानं दातांची ओळ दणक्यात वाचली. मग मी उठले. ओळ न अडखळता वाचली, बोट न लावता. पण अर्थ सांगायला तोंड उघडलं आणि पाळकांचा अर्थ पार गेला. श्रद्धा गेली, प्रार्थना गेली. हात आपोआप गळ्यावर गेला, आणि जिथे हात गेला तिथे सगळ्यांचे डोळे गेले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हे कुजबुजले. म्हणजे त्यांना ती कुजबुज वाटली. बहिऱ्याची कुजबुज ती, अख्ख्या चर्चला ऐकू गेली.

"अगं, घरी सांगितलेलं सांग!"

"ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही," मी म्हणाले, तेही माईकसमोर.

चर्च हसलं. पाळकही हसले. विहीणबाईंनी तोंडावर रुमाल धरला. मी जागेवर जाऊन बसले, पण उपासना संपेपर्यंत पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटले नाहीत. बाहेर विहीणबाईंनी माझा हात धरून विचारलं, "काय हो सांगितलं घरी?" बोलताना त्या माझ्या डोळ्यांकडे बघत होत्या, आणि तसं बघायला त्यांना कष्ट पडत होते. धाकटी पुढे निघून गेली होती.

लग्नाच्या सकाळी तीच माझ्यासाठी नवा स्कार्फ घेऊन आली, रुंद काठाचा. "फोटोत बरं दिसेल," म्हणाली. मी गळा पुढे केला. तिनं फार जपून गाठ मारली, बोट कुठेही लागू न देता. हे दारातून बघत होते. मग मान खाली घालून निघून गेले.

पुढे फक्त घरात मी तो सोडून ठेवू लागले. जेवताना ते टक लावून बघायचे.

"काय बघताय?"

"बुरूज."

"जेवा गुमान."

त्यांच्या दफनाच्या दिवशी मी स्कार्फ न बांधता चर्चला गेले. लाज गेली होती असं नाही. प्रत्येक माणूस माझ्या मानेकडेच बघतोय असं वाटत होतं, आणि बरेचजण खरंच बघत होते. दारापाशी धाकटीनं पर्समधून एक स्कार्फ काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यानं स्वतःचे डोळे पुसले. घंटा वाजायला लागली तेव्हा मी वर बघितलं. ते कडं अजून तिथेच होतं.

माझे यजमान धाकटीच्या लग्नानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात, नऊ फेब्रुवारीला, मंगळवारी सकाळी वारले.