मारुतीची शेवटची गाठ

पिंगुळीच्या गंगारामांच्या घरची रीत अशी, की ज्याच्या हातून कळसूत्री बाहुली नाचेनाशी झाली, त्यानेच तिची सुतं सोडायची आणि तिला पाण्याच्या स्वाधीन करायची. सुतं कापायची नाहीत. दुसऱ्याने तर हातही लावायचा नाही.

त्रेसष्ट सालच्या त्या सकाळी गंगाराम लाकडी मारुतीला मांडीवर घेऊन ओटीवर बसले, आणि कंपवाताने आखडलेला हात काही हलेना. गाठ समोर होती, मनात ती कितीदा तरी सोडून झाली होती, पण बोटं हटून बसली होती.

गुरुदासला ते बघवेना. त्यांचा हा मुलगा बाहुल्यांवर पाणी सोडून मुंबईला गेला आणि मेडिकल कॉलेजात, माकडांच्या मेंदूवरच्या प्रयोगांच्या कामाला चिकटला. शेवटी त्याने कात्री उचलली.

"कात्री ठेव," बाबा म्हणाले. "तू थंय माकडांचा काय करतस?"

"मेंदवाच्या वरच्या सालीचो इवलोसो भाग मारतंव. मग थंयसून निघालेली शिरांची सुता मरतत, ती चांदीचो रंग दिलो की काळी दिसतत. सगळी मेंदवाच्या आतल्या एका गोळ्यात जातत. हाताची एका जाग्यार, कानाची दुसऱ्या."

"माझी सुता तुटली?"

"नाय, बाबा. सुता शाबूत आसत. त्या गोळ्याक जोर देणारो रस आटलो."

"औषध?"

"अजून नाय."

खोटं बोलणं त्याला दुसऱ्या कुणाशी जमलं असतं, पण बाबांशी कधी जमलं नव्हतं.  गुरुदासच्या मनात आलं, हाताचा हुकूम पोचत नसेल, पण कानाची सुतं तर त्याच गोळ्यात उतरतात. त्याने खुंटीवरचं हुडूक, बाहुल्यांच्या खेळातलं ते छोटं चर्मवाद्य, काढलं आणि मारुती लंकेकडे झेपावतो तेव्हाचा ताल धरला.

बाबांचा अंगठा हलला. मग बोटं. पहिली गाठ सुटली, दुसरी सुटली. गुरुदासला केवढा आनंद झाला! लहानपणी बाबांमागे बसून वाजवायचा, तसाच तो रंगून वाजवू लागला. मारुतीचे हात सुटले, पाय सुटले, शेपूट सुटलं. फक्त माथ्यावरची गाठ उरली, आणि आपण खेळाला नाही, मारुतीच्या निरोपाला साथ करतोय ते त्याला कळलं. त्याची थाप थांबली.

बाबांची बोटंही गाठीवर थांबली.

"वाजय रे," ते मान वर न करता म्हणाले. "माकाच सोडूक होयी."

गुरुदासने डोळे पुसले नाहीत. दोन्ही हात हुडुकावर होते. गाठ सुटेपर्यंत तो वाजवत राहिला.