एकच किल्ली

किल्लीवाल्याने हात पुढे केला, शिंपीणबाईंनी त्यावर खाडकन टाळी दिली, आणि न्हाव्याने हातातली कात्री खाली न ठेवताच साक्षीदार व्हायचं कबूल केलं.

“हरेल तो माझ्या स्टुलावर चढेल,” शिंपीणबाई म्हणाल्या. “भर गल्लीत, संध्याकाळी सहाला. दोन्ही कान धरून तीनदा ओरडायचं, ‘मी बिनडोक!’”

“कान धुऊन ठेवा, ताई.”

पैज सुताराच्या कुलुपाची होती.

सुतार गल्लीत आला त्याला सहा महिने झाले होते. कामापुरतं बोलणारा, नाकासमोर चालणारा माणूस. असल्या माणसांचा किल्लीवाल्याला पहिल्यापासून संशय. चार दिवसांपूर्वी तो दुकानात आला, एक छोटं दणकट कुलूप निवडलं, दोनांपैकी एक किल्ली शर्टाच्या खिशात टाकून वरून बटण लावलं आणि दुसरी परत काउंटरवर सरकवली.

“ही मोडा.”

“मोडू? अहो, लोक दोनाच्या तीन करून नेतात!”

“माझ्यासमोर मोडा.”

किल्लीवाल्याच्या जिभेवर एकदम तीन विनोद आले होते. सुताराचा चेहरा बघून त्याने तिन्ही गिळले. पक्कड घ्यायला म्हणून तो वाकला, वर आला, आणि कटकन किल्लीचे दोन तुकडे केले. सुताराने ते कागदात बांधून नेले.

मोडली ती भंगाराच्या डब्यातली किल्ली होती. खरी किल्लीवाल्याच्या बाहीत होती. वीस वर्षं हातचलाखीने गल्लीला गंडवणाऱ्या हातांना एवढं काय अवघड? चोरी त्याच्या स्वभावात नव्हती. पण बंद काही दिसलं की त्याची बोटं वळवळायला लागायची.

कुलूप कुठे गेलं तेही त्याने दुसऱ्याच दिवशी हुडकलं. सुताराच्या कारखान्यात, टेबलावर बसवलेल्या मोठ्या विजेच्या करवतीशेजारी, एक पत्र्याची पेटी होती. पेटी कसली, डबाच. त्याला ते कुलूप.

“बायकोपासून काहीतरी लपवतोय,” त्याने जाहीर केलं. “लिहून घ्या.”

“तिला माहीत असणार,” शिंपीणबाई म्हणाल्या. तिथेच टाळी पडली.

मग त्याने पाळत ठेवली. दुकान समोरच होतं, किल्ल्या घासता घासता एक डोळा पलीकडे. आणि खरंच, कुठेतरी पाणी मुरत होतं. करवत दिवसभर किंचाळायची, पण मधेच कधीतरी गप्प व्हायची. ती गप्प झाली की सुतार बाहेर येऊन दारात उभा राहायचा. विडी नाही, चहा नाही, नुसता उभा. कुणी आत जायला लागलं तर आडवा व्हायचा. “पाच मिनिटं थांबा.” पाच मिनिटांनी आत जायचा, आणि करवत पुन्हा सुरू.

“पहारा देतो,” किल्लीवाला न्हाव्याला म्हणाला. “काळंबेरं असल्याशिवाय माणूस पहारा देत नाही.”

“मग जाऊन विचार ना.”

“विचारून कळलं असतं तर पैज कशाला लावली असती?”

पाचव्या दिवशी दुपारी करवत गप्प झाली आणि सुतार दारात आला. तेवढ्यात कोपऱ्यावर फळ्यांचा टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरने हाका मारल्या. सुताराने मान हलवली, आत डोकावला, स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्यासारखा दिसला, पुन्हा टेम्पोकडे बघितलं. दोन पावलं गेला, मागे वळला. मग गेला.

किल्लीवाला चपला दुकानातच काढून अनवाणी आत शिरला.

आत भुशाचा वास होता. सागवानाच्या फळ्या, अर्धं कपाट, भिंतीवर ओळीने टांगलेल्या पटाश्या आणि रंधे. पेटीच्या बाजूला एक खाच होती आणि तिच्यातून जाड काळी वायर बाहेर येऊन करवतीकडे गेली होती. त्याने किल्ली लावली. कुलूप लोण्यासारखं उघडलं.

आत प्लग होता. तीन पिनांचा, करवतीचा प्लग. बाकी काही नाही.

त्याने पेटी उलटी केली, तळ ठोकून पाहिला. डोकं भणभणलं. एवढं कुलूप, एवढा पहारा, आणि आत प्लग? म्हणजे गोम मशीनमध्येच आहे. ते चालू करून बघायला हवं. भिंतीवरचं बटण चालूच होतं. त्याने प्लग उचलला आणि भिंतीकडे नेला. पिना भोकांपासून वीतभर अंतरावर होत्या.

“अहो, आलात का?” मशीनच्या खालून आवाज आला. “तो बारका ब्रश द्या बघू.”

किल्लीवाला जागच्या जागी थिजला.

टेबलाखाली, भुशात, दोन पाय दिसत होते. त्याने मान वाकवली. सुताराची बायको पाठीवर झोपली होती, आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत करवतीच्या पात्याशेजारी आत गेला होता. कोपर मशीनच्या खटक्यावर टेकलं होतं. खटका ‘चालू’वर दाबलेला होता.

त्याने प्लग जमिनीवर ठेवला. फेकला नाही, ठेवला, झोपलेल्या मुलाला खाली ठेवतात तसा.

ब्रश आला नाही म्हणून ती बाहेर सरकली. आधी तिला अनवाणी पाय दिसले, मग प्लग, मग कुलपात अडकलेली किल्ली. ती उठून बसली. गळ्यातल्या दोऱ्याला हात लावला. तिची किल्ली तिथेच होती.

“भाऊजी, ही दुसरी कुठून आली?”

किल्लीवाल्याचा हात आपोआप रिकाम्या बाहीकडे गेला.

“तुम्ही मोडलीत म्हणाले हे. तुकडे आणून दाखवले मला.”

“ते... दुसरेच होते, वहिनी.”

तिने डाव्या हाताने केसातला भुसा झटकला. त्या हाताला तीनच बोटं होती. सहा महिन्यांत त्याने हे पाहिलं नव्हतं. तो हात नेहमी ॲप्रनच्या खिशात असायचा.

“तेव्हा पण प्लग काढूनच ठेवला होता,” ती म्हणाली. “खाली पडलेला दिसला म्हणून यांनी लावला. चांगल्या मनाने.”

बाहेर फळ्या उतरवल्याचा धडधडाट होत होता.

“ज्याचा हात आत, त्याच्याकडे किल्ली, असं ठरवलंय आता. तरी यांचा जीव राहत नाही, दारात उभे राहतात. आज मीच म्हटलं, जा हो, कुलूप आहे ना.”

तिने प्लग पेटीत ठेवला, कुलूप लावलं आणि दुसरी किल्ली त्याच्यापुढे धरली.

“यांना सांगू नका. पुन्हा झोप लागायची नाही त्यांना.”

दुकानात येऊन किल्लीवाल्याने ती किल्ली शिकंज्यात धरली. ग्राइंडर सुरू करायला हात गेला आणि थांबला. चाकावरचं झाकण त्याने दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं, मधे येतं म्हणून. त्याने प्लग काढला, फळीखालून झाकण शोधून काढलं आणि चारही स्क्रू घट्ट बसवले. मग धूळ पुसून चष्मा लावला, प्लग पुन्हा जोडला, आणि किल्लीचा पार भुगा होईपर्यंत हात उचलला नाही.

साडेपाचला तो स्वतःच शिंपीणबाईंकडे गेला.

“हरलो. पेटीत करवतीचा प्लग असतो. वहिनींना माहीत आहे. किल्ली त्यांच्याच गळ्यात असते.”

शिंपीणबाईंनी चष्म्यावरून त्याला नीट न्याहाळलं. “एवढ्या सरळपणे? काय डाव आहे?”

“स्टूल द्या, ताई.”

सहाला सगळी गल्ली जमली. न्हावी अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकासकट बाहेर आला. सुतारही आला, शेजारी त्याची बायको, डावा हात ॲप्रनच्या खिशात. किल्लीवाला स्टुलावर चढला, दोन्ही कान धरले.

“मी बिनडोक!”

शिट्ट्या पडल्या.

“मी बिनडोक!”

“मोठ्याने!” न्हावी ओरडला.

“मी बिनडोक!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात हसत होता सुतार, सहा महिन्यांत पहिल्यांदाच. शिंपीणबाईंनी किल्लीवाल्याला उतरवायला हात दिला. तो उतरला नाही. कान धरलेलेच होते.

“मी बिनडोक,” तो म्हणाला. या वेळी ओरडला नाही, नुसतं म्हणाला.

“अरे, तीनच ठरलं होतं!” न्हावी खिदळला. “मोजता पण येत नाही का?”

पुन्हा हशा उसळला. सुताराची बायको हसली नाही. तिने गळ्यातला दोरा नीट केला आणि नवऱ्याच्या दंडाला हात लावला.

“चला,” ती म्हणाली, “करवत साफ करायची राहिलीय. तुम्ही चहा पिऊन या. दारात थांबू नका.”