प्रथम क्रमांक, पुरुष दुहेरी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी लातूरच्या एका कार्यालयात क्रीडा प्रमाणपत्रे तपासणाऱ्या बाईंनी जीशानपुढे दोन कागद ठेवले आणि विचारले, "यातला तुमचा जोडीदार कोणता?"

दोन्ही प्रमाणपत्रे नांदेडच्या एकाच टेनिस स्पर्धेची होती. साल २०१३, राज्यस्तर, पुरुष दुहेरी, प्रथम क्रमांक, जोडीदार जीशान. फरक फक्त मिळवणाऱ्याच्या नावात होता. एकावर जळकोटचा बसवंत, दुसऱ्यावर व्यंकट नावाचा कुणीतरी. बसवंत या कागदावर दहा वर्षांपूर्वी लिपिक म्हणून सरकारी नोकरीत लागला होता. व्यंकटचे नाव आता क्रीडा कोट्याच्या निवड यादीत आले होते.

"बसवंत," जीशान म्हणाला. "या व्यंकटला मी ओळखत नाही."

"ठीक. ते लेखी द्या." बाईंनी चष्मा काढला. "आणखी एक. दोन्हीवर अक्षर एकच दिसतंय. ते कुणाचं, तुम्हाला माहीत आहे का?"

जीशानने खाली पाहिले. 'जी'ची वेलांटी शेपटीसारखी वळवलेली होती. उर्दू शाळेत कित्ता गिरवलेल्या हाताची ती सवय होती. अक्षर त्याचे स्वतःचेच होते; फक्त व्यंकटचे नाव कुणीतरी त्याच वळणाची नक्कल करून घातले होते. त्याने शुक्रवारपर्यंत वेळ मागून घेतला.

त्या स्पर्धेचा शेवटचा दिवस त्याला आठवत होता. अंतिम सामना संपला आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे सचिव आप्पासाहेब छापील प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन आले. "तुझं अक्षर मोत्यावानी हाय, तूच लिही." खाडाखोड झालेला कागद नोकरीला चालत नाही, म्हणून प्रत्येक प्रकारात दोन-चार जास्तीचे लिहून ठेवायची पद्धत होती. नाव चुकले तर दुसरा कागद हाताशी. जीशानने प्रकार, क्रमांक आणि जोडीदार म्हणून आपले नाव असे चार कागद भरले आणि वरची ओळ कोरी सोडली. त्यातल्या एकावर बसवंतचे नाव घातले. उरलेले तीन आप्पासाहेबांनी टेबलाच्या खणात टाकले. परत कुणी विचारले नाही. जीशाननेही नाही.

तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याला विमानाची घाई होती. पुढची नऊ वर्षे तो दुहेरीच खेळला. ताश्कंद, चियांग माय, मोनास्तीर, अशा परदेशी गावांतल्या स्पर्धा. एकेरीत त्याला कुणी विचारत नव्हते, पण नेटपाशी त्याचा हात जागच्या जागी फिरायचा, म्हणून जोडीदार मिळत गेले. एकूण तेवीस. कुणाबरोबर एक आठवडा, कुणाबरोबर अख्खा हंगाम. स्वस्त हॉटेलच्या खोलीत परक्या माणसाचे ओले मोजे खुर्चीवर वाळत असायचे आणि सकाळी त्याच माणसाच्या भरवशावर सर्व्हिस करायची. जागतिक यादीत तो एकदा १८६ व्या क्रमांकावर पोचला. खांदा गेला तसा तो लातूरला परतला. वडील, अजीजमियाँ, शिवणयंत्रे दुरुस्त करायचे. ते दुकान आता बंद होते. जीशान एका खासगी क्लबच्या दोन कोर्टांवर डॉक्टरांच्या मुलांना शिकवू लागला आणि अधूनमधून मंडळाच्या स्पर्धांत पंच म्हणूनही बसू लागला. त्या सगळ्याची सुरुवात बसवंतबरोबर झाली होती. नोकरी लागल्यावर बसवंतने रॅकेट ठेवली आणि म्हणाला होता, "जा तू पुढं. आता माझा पगार चालू हाय."

बुधवारी जीशान नांदेडला गेला. आप्पासाहेबांच्या बैठकीत अत्तराचा आणि शिळ्या चहाचा वास कोंडलेला होता. भिंतीवर वीस वर्षांच्या बक्षीस समारंभांचे फोटो होते. प्रत्येकात खेळाडू कडेला आणि आप्पासाहेब मधोमध, ढालीवर हात ठेवून.

"ये बाबा, ये. नाष्टा केलास का?" आप्पासाहेब काडीने दात कोरत म्हणाले. "व्यंकट आपल्या बहिणीचा पोरगा. गुणाचा हाय."

"त्यानं कधी रॅकेट धरलीय का?"

"धरलीय की. घरी हाय एक."

"आप्पासाहेब, बसवंत खेळला होता. तुमच्यासमोर."

"खेळला असंल. कुठं लिहिलंय? त्या सालचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं, नवं केलंय. पेपरातला फोटो काढ, तुझा एकट्याचाच हाय. बसवंताचं नुस्तं कोपर दिसतंय." ते हसले. काडीच्या टोकाला लागलेला कण त्यांनी पाहिला आणि गादीच्या कडेला पुसला. "अरं, डबलमधी दुसरा कोण होता, हे कुणाच्या ध्यानात राहतंय? तुझे किती जोडीदार झाले?"

"तेवीस."

"सांग बरं नावं."

जीशानने मनात सुरुवात केली. एकविसाव्या नावावर अडकला. आप्पासाहेबांनी ते ओळखले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो समाधानाचा तवंग आला तो पाहून जीशानला उठून हात धुवावेसे वाटले.

"सोपं हाय," आप्पासाहेब पुढे सरकले. "तू लिहून द्यायचं, सेमीफायनलला बसवंताचा पाय मुरगळला. फायनलला व्यंकट उतरला. दोघंबी खरे. कुणाचं नुकसान न्हाई."

"दुहेरीत मधेच जोडीदार बदलत नसतो."

"खो-खोत बदलतेत की."

वीस वर्षे हा माणूस टेनिसचा सचिव होता.

"बरं, मग दुसरं कायतरी लिही," आप्पासाहेब म्हणाले. आता आवाजात गोडवा नव्हता. "पण एक ध्यानात ठेव. व्यंकटाच्या कागदावरचं अक्षर तुझं हाय. तू म्हणशील तो बोगस. मग बसवंताच्या कागदावर कुणाचं अक्षर हाय? तेबी तुझंच. एका हातानं लिहिलेले दोन कागद, त्यातला एक खोटा. सायब लोक काय म्हणतील, विचार कर."

जीशान चहाला न शिवता उठला. दारापाशी आप्पासाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो गरम, ओलसर हात परतीच्या बसमध्ये मुखेड येईपर्यंत पाठीवर असल्यासारखा वाटत राहिला.

तो तसाच जळकोटला उतरला. बसवंत नुकताच कार्यालयातून आला होता. पोट सुटले होते, केस विरळ झाले होते. त्याच्या बायकोने, अंबिकाने, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. जीशानने सगळे सांगितले, कोऱ्या ओळींसकट.

बसवंतने बोटाने ताटातली चटणी गोळा केली.

"तीन कागद त्या माणसाच्या हातात ठेवून आलास?"

"हो."

"आन् मला आज सांगायलास."

"मलाच आठवण नव्हती, बसू."

"तुला मोनास्तीर आठवतंय." बसवंत शांतपणे म्हणाला. मग आवाज खाली आणला. "हे बघ जिश्या, तू फक्त एवढं लिही की जोडीदार बसवंत होता. अक्षराचं बोलूच नको."

"विचारलंय त्यांनी. लेखी."

"मग म्हण, माहीत न्हाई. मंडळानं कुणाकडून लिहून घेतलं असंल."

"माझ्यासमोर कागद ठेवून लिहायला लावलं तर? लगेच कळेल."

"कळलं तर तुझं काय जातंय? क्लब खासगी हाय. नोकरी माझी जाती." बसवंतने अंबिकाकडे पाहिले. ती चुलीकडे तोंड करून उभी होती, पण हात थांबले होते. "मी खेळलो, जिश्या. ते तरी खोटं न्हाई ना?"

"नाही."

"मग माझ्या खऱ्यासाठी एक खोटं बोलाया तुझ्या जिभेला काय होतंय?"

आप्पासाहेबांची किळस येणे सोपे होते. बसवंतच्या तोंडून जवळपास तेच ऐकणे तसे सोपे नव्हते. त्याहून वाईट म्हणजे बसवंतचे म्हणणे त्याला पटत होते. भाकरी अर्धी टाकून तो उठला. अंबिका म्हणाली, "भाऊजी, जेवा की." तिच्या आवाजात आग्रह नव्हता.

घरी नाझियाने, त्याच्या बायकोने, सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला. "उद्या क्लबातली पोरं न खेळता प्रमाणपत्र मागतील, तर लिहून देणार का?"

"माझ्या हातानं नाही."

"मग झालं तर."

शुक्रवारी दुपारी बारा वाजता त्याने बाईंच्या टेबलाशी बसून जबाब स्वतः लिहिला. जोडीदार बसवंत होता. उपांत्य सामना सहा-चार, सात-पाच. अंतिम सामना तीन सेटचा, तिसऱ्यात सात-पाच. व्यंकट कोर्टावर नव्हता. व्यंकटचे नाव सोडून दोन्ही प्रमाणपत्रांवरचे अक्षर माझे. एकूण चार कागद मी भरले, एकावर बसवंतचे नाव घातले आणि तीन कागदांवर नावाची ओळ कोरी ठेवून ते सचिवांकडे सोडले. ही चूक माझी. लिहिताना 'जी'ची वेलांटी साधी काढायचा मोह झाला, पण हात आपल्या सवयीने वळला.

बाईंनी कागद वाचला, मग प्रमाणपत्रांशेजारी ठेवून पाहिला.

"तीन कोरे म्हणता. व्यंकटचा हा एक. बाकीचे दोन कुठं आहेत?"

"माहीत नाही."

"आणि यांचं," त्यांनी बसवंतच्या प्रमाणपत्रावर बोट ठेवले, "नाव त्याच दिवशी भरलेलं आहे, नंतर नाही, याला पुरावा?"

"मी सांगतोय तेवढाच."

बाईंनी तेही लिहून घेतले आणि त्याची सही घेतली.

व्यंकटची नेमणूक तूर्त थांबली आहे. आप्पासाहेबांच्या मंडळाने पत्रक काढून जीशानला सर्व स्पर्धांच्या पंच यादीतून वगळले असून प्रमाणपत्रांचे लेखन त्याच्याकडेच होते, असे त्यात म्हटले आहे. दोन्ही मूळ कागद हस्ताक्षर तपासणीसाठी पाठवले गेले. उरलेले दोन कोरे कागद कुठेही सादर झाल्याची नोंद अजून सापडलेली नाही. बसवंत फोन उचलत नाही. आपल्या प्रमाणपत्राचा खरेपणा सिद्ध करा, अशी नोटीस त्याला गेल्या आठवड्यात मिळाली. उत्तराची मुदत येत्या सोमवारी सायंकाळी पाचपर्यंत आहे.