आत्या आली की वायफाय जातं

धाकट्याच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, खुर्चीत निवृत्त बँकवाले काका, दारात खालचा शिंपी, आणि जिन्यात माना लांब करून उभी असलेली निम्मी इमारत. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या लॅपटॉपवर. लॅपटॉपभोवती तांब्याची तार गोल मांडलेली, आणि तारेबाहेर पांढऱ्याशुभ्र शर्टातला, कानात ब्लूटूथ अडकवलेला एक मनुष्य डोळे मिटून हवेत तळवे फिरवत होता. त्याला सगळे लहरगुरू म्हणत.

"लहर दूषित आहे," गुरू पुटपुटले. "फार दूषित."

"अगं बाई!" तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला.

जागा नाही म्हणून ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ताई म्हणजे धाकट्याची थोरली बहीण, दातांची डॉक्टर. वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडात डोकावून तिला कशाची म्हणून किळस राहिली नव्हती. पण आज तिला खरोखर किळस येत होती. बाहेरच्या दाराशी आत्याची सूटकेस उभी होती. भरलेली, कुलूप लावलेली, वर स्वेटरची घडी.

झालं होतं ते असं. धाकटा घरून काम करायचा. लॅपटॉपवर बैठका, समोर परदेशातले ग्राहक, आणि ऐन बोलण्यात वायफाय गायब. मग ह्याचा चेहरा तिकडे थिजलेला आणि इकडे हा "हॅलो, हॅलो" करत बसलेला. साहेबांनी शेवटची ताकीद दिली होती: पुन्हा असं झालं तर दुसरी नोकरी बघा. बिचाऱ्यानं काय नाही केलं? वायफायचा डबा बंद करून चालू केला, डबा बदलला, लॅपटॉप बदलला. वायफाय कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. तो असला की वायफाय अगदी शहाण्यासारखं वागायचं. तो जिना उतरला की पुन्हा तीच रड.

मग एक दिवस भावजयीच्या लक्षात आलं. आत्या शेजारी येऊन बसली की वायफाय जातं. नेहमी नाही, पण बहुतेक वेळा. आत्या नवऱ्यामागे एकटी पडली म्हणून भाच्याकडे राहायला आली, आणि हा त्रासही त्यानंतरच सुरू झाला. भावजयीनं हे शिंप्याला सांगितलं, शिंप्यानं लहरगुरूंचा नंबर दिला. त्याच्या दुकानातलं वायफाय म्हणे गुरूंनी एका दुपारी शुद्ध केलं होतं.

गुरूंनी घर पाहिलं, सगळ्या खोल्यांतून हिंडले, आणि निदान केलं: "काही शरीरं लहरी गिळतात. दुःखी माणसाच्या देहाला भूक असते. ही माउली घरात आहे तोवर लॅपटॉप चालणार नाही."

आणि घरानं मान डोलावली! शिकलेल्या, पदवीधर घरानं! आत्याला गुरूंच्या ओळखीच्या एका वृद्धाश्रमात पोचवायचं ठरलं. आज संध्याकाळीच. जाण्याआधी एकदा सगळ्यांसमोर खात्री, म्हणून हा तमाशा.

"विश्व म्हणजे काय?" गुरूंनी डोळे उघडले. "विश्व म्हणजे कंपन. तुम्ही कंपन, मी कंपन, हा लॅपटॉप कंपन. कंपनाला कंपन भेटलं की संपर्क. कंपनाला कंपनानं खाल्लं की?"

"वायफाय गेलं!" शिंपी भक्तिभावानं म्हणाला.

"आणि हप्ता चालूच," बँकवाले काका म्हणाले. कुणी हसलं नाही.

धाकट्यानं ऑफिसातल्या एका मित्राला लॅपटॉपवर जोडून घेतलं होतं. काहीही बोलत राहा, एवढंच त्याला सांगितलं होतं. तो बापडा आपल्या नव्या खुर्चीचं वर्णन करत होता, आणि चित्र, आवाज सगळं स्वच्छ येत होतं.

"आता माउलींना बोलवा," गुरू म्हणाले. मग मायेनं पुढे: "थांबा, थांबा. त्यांचा गुडघा दुखतो ना? आधी त्यांची पिशवी गरम करायला लावा. चांगली कडक होऊ दे. म्हाताऱ्या माणसाला त्रास नको."

आत्याची एक कापडी पिशवी होती, गहू भरून शिवलेली. ओव्हनमध्ये तापवायची आणि गुडघ्यावर ठेवायची. दिवसातून कितीदा तरी. भावजयीनं ती ताईच्या शेजारून आत नेली, धाकट्याच्या टेबलामागच्या भिंतीला पलीकडून टेकून ठेवलेल्या जुन्या मायक्रोवेव्हमध्ये टाकली आणि बटण दाबलं. ओव्हन घरघरू लागला.

"या, माउली."

आत्या लंगडत, अपराध्यासारखी आली आणि लॅपटॉपशेजारच्या खुर्चीत अंग चोरून बसली.

खुर्चीचं वर्णन तुटक झालं. मग मित्र उघड्या तोंडानं जो थिजला तो थिजलाच. मागची दाढ किडली आहे, हे तेवढ्यातही ताईला दिसलं.

"आई गं!" "बघा, बघा!" "अहो, डोळ्यांदेखत!" जिन्यातली माणसं आत घुसू लागली.

"माउलींना बाहेर न्या," गुरूंनी हात वर केला. आत्याला उठवून जिन्यात नेलं. गुरू डोळे मिटून तळवे फिरवू लागले. बराच वेळ फिरवले. तेवढ्यात ताईच्या पाठीमागे ओव्हन 'टिंग' झाला, आणि मित्र बोलू लागला: "...आणि पाठीला काय आराम आहे म्हणून सांगू!"

टाळ्या पडल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी डोळे पुसले. ताई मात्र वळून ओव्हनकडे बघत राहिली. टिंग आधी झालं, मित्र नंतर बोलला. तिला स्वतःचा दवाखाना आठवला. दुपारी मदतनीस जेवणाचा डबा गरम करायला ठेवायची तेव्हाच वायफायवरून पडद्यावर येणारे दातांचे फोटो थांबायचे. ओव्हन तिथून हलवला आणि कटकट मिटली.

"गुरू," ताई मोठ्यानं म्हणाली, "पुन्हा एकदा करू या. आत्या, ये गं. बस इथे. लॅपटॉप मांडीवरच घे."

"नका!" गुरू ओरडले. "यंत्र जळेल!"

"जळू दे. मी नवा देईन."

आत्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला. मित्र बोलत राहिला. खुर्ची संपली, टेबल संपलं, खिडकीवर आला. चित्र हललंसुद्धा नाही.

"शुद्धीचा प्रभाव," गुरू घाईघाईनं म्हणाले.

"असं? मग आता आत्याला खाली रस्त्यावर नेऊन उभं करा. काका, तुम्ही जा बरोबर." आत्या गेली. काकांनी रस्त्यावरून हाक दिली, तशी ताईनं ओव्हनचं बटण दाबलं. घरघर सुरू झाली आणि मित्र पुन्हा तोंड उघडं टाकून थिजला.

सगळ्यांच्या माना ओव्हनकडे वळल्या.

"पिशवी!" गुरूंना सुचलं. "पिशवीत त्यांच्या देहाची कंपनं उतरली आहेत!"

ताईनं पिशवी काढून शिंप्याच्या हातात दिली. कपभर पाणी भरून ओव्हनमध्ये ठेवलं, बटण दाबलं. नुकता बोलू लागलेला मित्र परत थिजला. ताईनं ओव्हनचं दार उघडलं. मित्र म्हणाला, "अरे, काय चाललंय काय तुमच्याकडे?"

पहिल्यांदा जिन्यातून कुणीतरी हसलं.

"ऐका सगळे," ताई म्हणाली. "हा ओव्हन ज्या लहरींनी पाणी तापवतो, जवळजवळ त्याच लहरींवर वायफाय बोलतं. थोड्या लहरी ओव्हनमधून बाहेर झिरपतात, आणि लॅपटॉप भिंतीपलीकडे त्याला पाठ लावून बसलाय. भोंगा वाजत असताना कानगोष्टी ऐकू येतील का? आत्या येते तेव्हा तिची पिशवी तापत असते, एवढाच तिचा गुन्हा. कंपनीचा माणूस आला की तुम्ही स्वयंपाकघर बंद ठेवून त्याच्यामागे उभे राहायचात. त्याला काय दिसणार, कपाळ?" मग ती शिंप्याकडे वळली. "तुमच्याकडे शुद्धी केली म्हणजे काय केलं?"

शिंपी ओशाळला. "काही नाही... डबा लोखंडी कपाटामागे होता, तो वर फळीवर ठेवायला लावला. आणि तार बांधली."

"तार सोडून बघा. चालेल."

गुरू तांब्याची तार गुंडाळू लागले होते. ताई त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "पिशवी तापवायला तुम्हीच सांगितलंत. म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं."

गुरूंनी दाराकडे पाहिलं. तिथे शिंपी उभा होता. "साधं सांगितलं तर लोक ऐकत नाहीत, डॉक्टर," ते हळूच म्हणाले. "ओव्हन हलवा म्हटलं असतं तर मला चहासुद्धा विचारला नसता कुणी."

"आणि म्हणून म्हातारीला घराबाहेर काढायचं?" ताईचा आवाज चिरकला. "अहो, दाढेतला पू उपसताना मला शिसारी येत नाही. तुमची येते. चालते व्हा!"

शिंप्यानं वाट दिली, पण नमस्कार केला नाही.

गर्दी पांगली. काका आत्याला घेऊन वर आले. धाकट्यानं तोवर ओव्हन उचलून स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला नेला होता, आणि ताई त्याला सांगत होती की वायफायच्या डब्याला वेगळ्या लहरींची दुसरी पट्टीही असते, तिच्यावर लॅपटॉप लाव म्हणजे ओव्हनची कटकटच नको. तो नुसता मान हलवत होता.

"आत्या," तो शेवटी म्हणाला, "चुकलो गं."

"तुझं कसलं रे चुकलं," आत्या म्हणाली. "मलाही खरंच वाटलं होतं. तुझ्या बैठकीच्या वेळी मी श्वास रोखून बसायची. म्हटलं, निदान तेवढं तरी कमी गिळलं जाईल."

भावजय रडायला लागली. ताईला रडू आलं नाही, संतापच आला.

"आता एवढं करा," ती दोघांना म्हणाली. "यंत्र बिघडलं की यंत्र तपासा. एकेक वस्तू बंद करून बघा, हलवून बघा, पुन्हा चालू करा, पुन्हा बघा. लहान मुलालाही जमतं ते. कुणी चमत्कार दाखवला तर त्यालाही तेच करायला लावा, आणि करू देत नसेल तर समजून जा. पण कुणी घरच्या माणसाकडे बोट दाखवलं ना, तर आधी ते बोट कुणाचं आहे ते बघा. निदान सूटकेस भरायच्या आधी तरी!"

धाकटा दाराशी गेला, सूटकेस उचलून आत्याच्या खोलीत ठेवली आणि खाली बसून कुलूप काढू लागला. आतून त्यानं कपडे काढले, चष्म्याचं घर काढलं, औषधांचा डबा काढला. भावजयीनं पिशवी ओव्हनमध्ये ठेवली. घरघर सुरू झाली तसा आत्यानं सवयीनं श्वास रोखून धरला.

"सोड गं, आत्या," ताई म्हणाली. "सोड आता."