सैल पाय

"पाय सैल सोडा, हंसाबाई."

"सैलच तं हाय, साहेब."

पाय लाकडासारखा ताठ होता. आर्णीच्या मधुमेह शिबिरात कमलाकर सकाळपासून वाकून खास चपलांसाठी पायांचे साचे घेत होते, आणि आता त्यांची कंबर बोलू लागली होती. जवळच्या तांड्यावरून आलेल्या हंसाबाईचा पहिला साचा त्यांनी नुकताच टाकून दिला होता. ताठ पायाचा साचा खोटा निघतो. त्यावर बेतलेला चपलेतला तळ नेमका नको तिथे टोचतो. शुगरनं हंसाबाईचे तळवे बधिर झाले होते, टोचलेलं तिला कळणारही नव्हतं. अंगठ्याखालची जखम कशीबशी भरली होती. पुन्हा चिघळली तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्यांनी प्लास्टरची नवी पट्टी भिजवून तळव्यावर चढवली आणि पाय हातात धरला. अशा वेळी माणसाला बोलतं करायचं, ही त्यांची जुनी युक्ती. पूर्वी 'कापूस कसा आहे?' एवढं विचारलं की पाय आपोआप सैल पडायचे. यंदा, २००६ साली, कापसाच्या कर्जापायी गावोगावी शेतकरी जीव देत होते, आणि त्याच प्रश्नानं घोटे आवळले जात. पहिला साचा त्यानंच बिघडला होता.

"मुलगा काय करतो?"

"राजकुमार हैदराबादले गेला कामाले. फोन नाही त्याचा." बोटं आकसली.

सहज विचारावं असं या जिल्ह्यात काही उरलंच नाही, असं कमलाकरांना वाटलं, आणि त्या वाटण्याचाही कंटाळा आला.

"तुमच्या घरी कोन हाय?" हंसाबाईनंच विचारलं.

"बायको. अर्धांगवायू झालाय. पडूनच असते."

"बोलते?"

"नाही. मीच बोलतो. दिवसभर इथे, मग घरी."

"अन् तुमच्यासंग कोन बोलते, भाऊ?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. उत्तर द्यायला गेले, तर डोळेच वाहू लागले आणि पुसता येईनात. पट्टी सुकेपर्यंत पाय सोडता येत नव्हता. लाज वाटली, बरंही वाटलं.

हातातला पाय केव्हाच सैल झाला होता, झोपलेल्या लेकराचा असतो तसा.

"येऊ द्या, भाऊ. मी नाही पाहून राह्यली," म्हणत हंसाबाईनं तोंड खिडकीकडे वळवलं. प्लास्टर कडक होईपर्यंत तिनं पाय तसाच त्यांच्या हातात राहू दिला.